किल्ली माझ्या खिशात होती

मोठ्या चुका घाईने होतात असे आपण नेहमी म्हणतो. माझा स्वतःचा अनुभव थोडा निराळा आहे. माझ्या हातून ज्या चुका झाल्या त्यांतील बहुतेक घाईने नव्हे, तर सवयीने झाल्या. गेल्या पावसाळ्यात घडलेली अशीच एक चूक आज आपणांपुढे मांडीत आहे. एक तर ती कबूल करून मन हलके करावे हा हेतू आहे. आणि दुसरे असे, की हल्ली आपल्या बहुतेक घरांतून संगणक व हार्ड डिस्क आलेली असल्यामुळे हा अनुभव कोणाच्या तरी उपयोगी पडेल अशी मला आशा वाटते.

मी सध्या करजण येथे असतो. बडोद्याच्या दक्षिणेस सुमारे तीस किलोमीटरवर हे तालुक्याचे गाव आहे. मुंबईहून अहमदाबादकडे जाणारी जी लोहमार्गाची वाट आपल्या वसईवरून जाते, तीच पुढे करजणला येते; स्थानकाचे नाव मात्र मियागाम करजण. या स्थानकाला एक जुना मान आहे. १८६२ साली गायकवाड सरकारने डभोईहून मियागामपर्यंत अरुंद रुळांचा मार्ग घातला. भारतातील अशा तऱ्हेचा तो पहिलाच मार्ग. आरंभी त्यावरील डबे बैल ओढीत असत आणि १८७३ साली वाफेच्या इंजिनाची नियमित वाहतूक सुरू झाली.

येथील माझ्या कार्यालयात एक संगणक आहे व त्यावर लिनक्स चालते. फिनलंडमधील लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली ज्याचा आरंभ केला व जगातील असंख्य लोकांनी जे वाढवले, तेच हे लिनक्स; ते वापरण्यास पैसे पडत नाहीत, हे आमच्यासारख्यांना मोठेच सोयीचे. संगणकाला यूएसबीच्या वायरीने एक बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली असते. आमच्या जुन्या बाप्तिस्मा-वह्यांची पाने वाळवीने व दमटपणाने जीर्ण होत चालली होती, म्हणून दोन उन्हाळे खपून मुलांनी त्यांतील प्रत्येक पानाचे छायाचित्र काढले. ती सर्व छायाचित्रे त्या एका डिस्कवर. हो, एकाच डिस्कवर! दुसरी प्रत करायची असे मी दर महिन्याला ठरवीत असे व दर महिन्याला ते राहून जात असे.

धूळ व ओल यांपासून रक्षण व्हावे म्हणून संगणक आणि डिस्क दोन्ही एका लोखंडी जाळीच्या कपाटात ठेवलेली आहेत. माझ्या आधीच्या फादरांनी ते कपाट इतके मजबूत करून घेतले आहे, की चोराने आधी दार उघडे आहे की नाही ते विचारावे! त्याला किल्ली एकच, आणि ती माझ्या खिशात.

श्रावणात आई आजारी पडल्याचे कळले आणि मी वसईला आलो. सोबत लहान संगणक होता. घरी बसून करजणच्या संगणकात शिरता यावे अशी सोय मी पूर्वीच करून ठेवली होती. एके रात्री काही जुने कागद पाहण्यासाठी मी तसा शिरलो, काम उरकले, आणि करजणला दररोज रात्री करतो तेच सवयीने केले. डिस्क बंद करण्याची आज्ञा दिली आणि नंतर ती सुरक्षितपणे काढण्याचीही आज्ञा दिली. त्या रात्री मला झोप चांगली लागली.

ही 'सुरक्षितपणे काढण्याची' आज्ञा म्हणजे काय, ते येथे सांगितले पाहिजे. आपण डिस्कवर काही लिहितो तेव्हा संगणक ते त्याच क्षणी लिहितोच असे नाही. तो पुष्कळसे आपल्या स्मरणात धरून ठेवतो व सवडीने डिस्कवर उतरवतो. तेवढ्यात कोणी वायर खेचली तर अर्धे लिहिलेले राहते आणि कधी कधी सारी वहीच बिघडते. म्हणून वायर काढण्यापूर्वी संगणकाला तसे सांगावे लागते. परंतु या सांगण्याचे दोन टप्पे आहेत व त्यांतील भेद मी कधी नीट ध्यानात घेतला नव्हता. पहिला टप्पा 'अनमाउंट'. यात राहिलेले लिखाण पुरे होते व वही मिटली जाते. पण वही टेबलावरच असते, वाटेल तेव्हा पुन्हा उघडावी. दुसरा टप्पा 'पॉवर-ऑफ'. यात संगणक त्या डिस्कचे नावच आपल्या यादीतून काढून टाकतो. पुष्कळ लिनक्स संगणकांवर पडद्यावरील 'सेफली रिमूव्ह' हा पर्याय ही दोन्ही कामे एका दमात करतो. ज्याला वायर काढायचीच आहे त्याला हे ठीक. मी मात्र तीनशे किलोमीटरहून अधिक दूर बसून, जी वायर काढता येणार नव्हती तिच्यासाठी दुसराही टप्पा पार पाडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास करजणहून एका गृहस्थांचा फोन आला. त्यांच्या मुलीचे लग्न वसईकडील मुलाशी ठरलेले. मुलगा जहाजावर नोकरीस; त्याला अचानक लवकर रुजू होण्याचा निरोप आला होता व म्हणून लग्न पुढच्याच आठवड्यात आणले होते.

"फादर, तिकडच्या फादरांना आजच बाप्तिस्म्याचा दाखला हवा आहे. उद्या रविवार, उद्याच पुकार करायचा म्हणतात," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात काकुळती होती.

ज्या वहीत त्या मुलीची नोंद होती ती वही मी बांधणीसाठी बडोद्यास दिली होती आणि बांधणी करणारे गृहस्थ आपल्या गावी गेले होते. तिकडच्या फादरांना मी फोन केला. त्यांनी समजूतदारपणे सांगितले, की वहीच्या पानाचे छायाचित्र आणि त्याखाली माझी सही एवढे आज मिळाले तर पुरे. शिक्क्याचा दाखला दोन दिवसांनी चालेल. मी मुलीच्या वडिलांना म्हटले, "काळजी करू नका, अर्ध्या तासात पाठवतो."

मी करजणच्या संगणकात शिरलो. डिस्क नव्हती.

जोडलेल्या डिस्कांची यादी दाखवण्याची जी आज्ञा असते ती दिली. संगणकाची स्वतःची डिस्क दिसली, बाहेरची दिसेना. उघडण्याची आज्ञा दिली, तर अशी काही वस्तूच नाही असे उत्तर आले. मग मला आदल्या रात्रीची ती दुसरी आज्ञा आठवली आणि अंगाला घाम फुटला. आमच्या देवळाची देखभाल करणाऱ्या काकांना मी फोन लावला. त्यांनी जाळीतून डोकावून पाहिले व म्हणाले, "फादर, वायर तर लावलेलीच आहे. पेटी जागच्या जागी आहे."

खरेच होते ते. पेटी जागच्या जागी होती. स्थानकाच्या बाजूच्या रुळावर उभा केलेला डबा सर्वांना दिसत असतो. पण स्टेशनमास्तरांच्या वहीतून त्याचा क्रमांक खोडला गेला, की कोणतेही इंजिन त्याला जोडले जात नाही. माझ्या डिस्कची अवस्था तीच झाली होती.

काका म्हणाले, "कुलूप फोडू का, फादर?" सत्तरीच्या माणसाने ते कपाट फोडावे हे काही मला पटेना. मी म्हटले, "काका, लोहाराला बोलावून ठेवा, पण मला एक तास द्या."

माझा भाचा अभियांत्रिकी शिकतो. तो शेजारी येऊन बसला व म्हणाला, "मामा, मशीन रीस्टार्ट करा ना. सगळे पुन्हा दिसेल." सल्ला चुकीचा नव्हता. संगणक नव्याने सुरू झाला की तो सारी यादी नव्याने करतो. पण वह्यांतील माहिती खाजगी असल्यामुळे तो संगणक सुरू होताना परवलीचा शब्द विचारतो, आणि तो शब्द त्याच्याच कळपाटावर टंकावा लागतो. कळपाट त्याच कपाटात. म्हणजे मी तो बंद करून पुन्हा सुरू केला असता तर तो त्या प्रश्नापाशी अडून बसला असता, आणि डिस्कबरोबर संगणकही माझ्या हातचा गेला असता.

भाच्याने दुसरा उपाय सुचवला. "मग यूएसबीचा कंट्रोलरच बंद करून चालू करा." त्यातही एक अडचण होती. करजणचा संगणक इंटरनेटला जोडला जातो तो एका लहान वायरलेस काडीने, आणि ती काडीही यूएसबीलाच लावलेली. ज्या फांदीवर आपण बसलो आहोत तीच तोडावी, असा तो प्रकार झाला असता. बंद करण्याची आज्ञा पोहोचली असती, पण चालू करण्याची पोहोचली नसती.

तेव्हा मी ठरवले की घाईने काही करायचे नाही; आधी सर्व समजून घ्यायचे. लिनक्सचा जो गाभा असतो, ज्याला कर्नल म्हणतात, तो आपल्या सर्व कामांची रोजनिशी ठेवतो. ती मी वाचली. आदल्या रात्रीची नोंद सापडली: '२-१' या ठिकाणचे उपकरण तुटले. यातील २ म्हणजे दुसरी यूएसबी वाहिनी आणि १ म्हणजे तिच्यावरील पहिले भोक. कारणही उलगडले. 'पॉवर-ऑफ' म्हटले की कर्नल त्या भोकावर एक खूण करून ठेवतो: येथील वस्तू काढून टाकलेली आहे; ती खरोखर उपसली जाईपर्यंत इकडे लक्ष देऊ नये. म्हणूनच डिस्क तेथे बसलेली असूनही त्याला दिसत नव्हती. आणि ती उपसली जाणार नव्हती, कारण किल्ली माझ्या खिशात होती.

या यूएसबीची गोष्टही आमच्या भागाशी जोडलेली आहे. तिचे एक प्रमुख रचनाकार अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. पुढे अमेरिकेत इंटेल कंपनीत असताना त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम केले. १९९६ साली यूएसबीची पहिली आवृत्ती आली, आणि २०१३ साली त्या सर्वांना युरोपीय संशोधक पुरस्कार मिळाला. त्यापूर्वी छपाईयंत्राला एक भोक, कळपाटाला दुसरे, माउसला तिसरे, आणि नवे काही लावले की पुष्कळदा संगणक पुन्हा सुरू करावा लागे. यूएसबीने ती कटकट मिटवली: वस्तू लावली की आली, काढली की गेली. या साध्या नियमावरच सारे चालते. माझी डिस्क मात्र लावलेलीही होती आणि गेलेलीही होती.

आई पलंगावर पडून आमचे बोलणे ऐकत होती. तिने विचारले, "झाले तरी काय?" मी सोपे करून सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे पाहुण्याला तू निरोप दिलास, आणि तो बिचारा ओट्यावरच बसून राहिला. मग दार एकदा लावून पुन्हा उघड ना. कोण बसले आहे ते दिसेल."

उपाय नेमका तोच होता. आता प्रश्न एवढाच, की कोणते दार लावायचे?

मी यूएसबीला जोडलेल्या वस्तूंचा वृक्ष पडद्यावर मागवला. हल्लीच्या संगणकांत एकाच कंट्रोलरच्या दोन वाहिन्या दिसतात: एक जुन्या, मंद गतीच्या वस्तूंसाठी आणि दुसरी नव्या, जलद गतीच्या वस्तूंसाठी. वायरलेस काडी, कळपाट व माउस ही तिन्ही मंडळी पहिल्या वाहिनीवर होती. दुसऱ्या वाहिनीवर कोणीच नव्हते. आदल्या रात्रीपर्यंत तेथे माझी डिस्क एकटीच राहत होती. म्हणजे सारा कंट्रोलर बंद करण्याचे कारणच नव्हते. नुसती दुसरी वाहिनी बंद करून उघडली तर काडीला धक्का लागणार नव्हता. हे पाहून मी भाच्याकडे पाहिले, भाच्याने माझ्याकडे पाहिले, आणि आम्ही दोघेही पहिल्यांदाच हसलो.

लिनक्समध्ये प्रत्येक उपकरण एखाद्या फाइलीसारखे दिसते. 'सिस' नावाच्या फोल्डरात 'बस', त्यात 'यूएसबी', त्यात 'ड्रायव्हर्स', आणि त्यात पुन्हा 'यूएसबी', असे उतरत गेले की तेथे 'अनबाइंड' व 'बाइंड' अशा दोन फाइली असतात. व्यवस्थापकाच्या अधिकाराने 'अनबाइंड'मध्ये 'यूएसबी२' हे नाव लिहिले की ती वाहिनी सुटते. तेच नाव 'बाइंड'मध्ये लिहिले की ती पुन्हा बांधली जाते. वाहिनी नव्याने बांधली जाताना भोकावरील जुन्या खुणा पुसल्या जातात, आणि कर्नल प्रत्येक भोकात कोण आहे हे नव्याने पाहतो.

तरीही मी दोन्ही आज्ञा वेगवेगळ्या दिल्या नाहीत. एकाच ओळीत, मध्ये पाच सेकंदांचा विराम ठेवून, दोन्ही लिहिल्या. आणि माझा संपर्क तुटला तरी करजणचा संगणक आपल्या आपण ती ओळ पुरी करील अशी व्यवस्था केली. एकदा वाचले, दुसऱ्यांदा वाचले, भाच्याकडून वाचून घेतले. मग कळ दाबली.

ते पाच सेकंद फार लांबले. मग रोजनिशीत नव्या ओळी उमटू लागल्या: वाहिनी सापडली, '२-१' येथे नवे उपकरण, आणि शेवटी डिस्कच्या कंपनीचे नाव. करजणहून काकांचा आवाज आला, "फादर, पेटीचा दिवा लागला!"

डिस्क परत आली ती मात्र निराळ्या अक्षराने. आधी तिच्या नावाच्या शेवटी 'बी' होता, आता 'सी' आला. असे होऊ शकते, म्हणून डिस्क तिच्या अक्षराने उघडू नये. तिला आपण दिलेल्या नावाने उघडावे. मी ती आधी नुसती वाचण्यापुरती उघडली, लिहिण्यासाठी नाही. पान सापडले. मुलीचे नाव, आईवडिलांचे नाव, तारीख, सारे स्वच्छ होते. भाच्याने छापून आणले, मी सही केली आणि सायकलवरून तो स्वतःच तिकडच्या फादरांकडे देऊन आला. दुसऱ्या दिवशी पुकार झाला. पुढच्या आठवड्यात लग्न लागले, आणि सुट्टी संपताच मुलगा जहाजावर गेला.

ज्यांच्या घरी लिनक्स आहे त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी सांगून ठेवतो. वायर काढायची नसेल तर 'अनमाउंट'वरच थांबावे. तेवढ्याने लिखाण सुरक्षित होते व डिस्क केव्हाही पुन्हा उघडता येते. दुसऱ्याही टप्प्यापर्यंत गेलाच असाल आणि वायर हाताशी असेल, तर ती काढून पुन्हा लावावी. त्यासारखा सोपा उपाय नाही. हात पोहोचत नसेल तरच वाहिनी सोडून बांधावी. पण त्यापूर्वी तिच्यावर आणखी कोण बसले आहे ते अवश्य पाहावे. कळपाट तेथेच असेल तर तो मध्येच मुका होईल. दुसरी एखादी उघडी डिस्क असेल तर तिला आपण धडधडीत उपसून काढल्यासारखेच होईल. आणि काही डिस्का अशा असतात, की एकदा झोपी गेल्यावर खरोखर वीज तुटल्याखेरीज जाग्या होत नाहीत. अशा वेळी वायरीपर्यंत जाण्यावाचून गत्यंतर नसते.

करजणला परतल्यावर मी दोन कामे केली. एक, त्या सर्व छायाचित्रांची दुसरी प्रत केली व ती दुसऱ्या इमारतीत ठेवली. दोन, कपाटाची दुसरी किल्ली करवून काकांच्या हाती दिली. किल्ली घेताना काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "फादर, ही मी आठ वर्षांपूर्वीच मागणार होतो. म्हटले, तुम्हाला आवडेल की नाही."

वाचकहो, त्या वाक्याने मला डिस्कपेक्षा अधिक विचार करावयास लावले. आठ वर्षे हा मनुष्य माझ्या दाराशी उभा होता, आणि माझ्या यादीत त्याचे नाव नव्हते. किल्ली माझ्या खिशात असली म्हणजे सारे सुरक्षित, असे मी समजत होतो. आता ती त्यांच्या कमरेला असते, आणि रात्री मला झोप पूर्वीइतकीच चांगली लागते.